आडव्या हातांची बाई

धारूर
६ डिसेंबर २०२४

योगिता यांना नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या घरी पोहे खाऊन गेलेला मुलगा मी, हनुमान. सोबत माझी आई केसरबाई, माझे चुलते आणि स्थळ सुचवणाऱ्या तुमच्या सत्यशीला आत्या होत्या. पत्र पाहून दचकू नका. मी टपाल वाटायचं काम करतो, हे चुलत्यांनी त्या दिवशी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि शेवटी मला 'पोस्टातला साहेब' करून टाकलं. मी साहेब नाही. सकाळी आमचं छोटं पोस्ट उघडतो, मग थैली घेऊन मोटरसायकलवर डोंगरातल्या वस्त्यांवर फिरतो. आधार कार्डं, बँकेची पाकिटं आणि कोर्टाच्या नोटिसा वाटतो. माणसानं माणसाला लिहिलेलं पत्र क्वचितच हाती लागतं. त्यामुळे स्वतःच एक लिहायला बसलो तर सुरुवात कशी करायची तेच सुचेना.

मुद्द्यावर येतो. तुमच्याकडून आल्यावर मी आत्यांना तुमचा नंबर मागितला आणि एक मेसेज केला. 'तुमच्यावर घरून जबरदस्ती तर नाही ना? आणि मी तुम्हाला पसंत आहे का?' त्यावर तुमच्याकडून एक चित्र आलं. छातीसमोर दोन्ही हात फुलीसारखे आडवे धरलेली बाई. सोबत एक अक्षर नाही.

बसस्टँडजवळ माझ्या मित्राचं, कामरानचं, गॅरेज आहे. त्याला दाखवलं. तो म्हणाला, "गेट लावलंय. समज की बे." आईला दाखवलं तर ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, पोरीनं अंगभर पदर घेतलाय, लाजतीय, म्हणजे होकार हाय. लगेच आत्यांना फोन लावायला निघाली होती. कसंबसं थांबवलं.

मला मात्र तिसरंच वाटतंय. मी प्रश्न दोन विचारले आणि तुमचं चित्र एक आलं. ते 'नाही' असेल, तर कोणत्या प्रश्नाला? जबरदस्ती नाही, असं असेल तर मी आनंदात राहावं. मी पसंत नाही, असं असेल तर गप्प राहावं. दोन प्रश्न एका मेसेजात घालायला नको होते, हे आता कळतंय.

पुन्हा मेसेज केला तर पुन्हा चित्रच येईल. शिवाय माझा फोन घरात सगळ्यांच्या हातात असतो. म्हणून हे अंतर्देशीय पत्र. बाजारातून जाताना तुमच्या शिवणाच्या दुकानाची पाटी दिसली होती, त्या पत्त्यावर पाठवतोय.

नकार असेल तर तसं सरळ लिहा. मग मीच घरी सांगेन की मला हे स्थळ नको. मुलाकडून नकार गेला की कुणी फार चौकशी करत नाही. तुम्हाला घरी बोलणी खावी लागणार नाहीत.

हनुमान


चकलांबा
१२ डिसेंबर २०२४

हनुमान यांना नमस्कार.

तुमचं पत्र आमच्या पोस्टमनकाकांनी दुकानात आणून दिलं आणि कुणाचं म्हणून विचारत उभे राहिले. दोऱ्याच्या कंपनीचं असेल, म्हणाले मी. पदराचं वाचून मला इतकं हसू आलं, की माप द्यायला आलेली बाई आरशात स्वतःकडे बघायला लागली. तुमच्या आईंना हे सांगू नका.

उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आहे. नकार आहे.

तुमचा मेसेज आला तेव्हा मी 'नाही' असं लिहून पुसलं, परत लिहून परत पुसलं. तो शब्द नुसता एकटा फार उघडा दिसत होता, कुणाच्या तोंडावर दार लावल्यासारखा. मग ती बाई सापडली. ती आपल्या वतीने हात आडवे करून उभी राहते आणि आपण काही बोललो असं वाटत नाही. मी तिला खूप राबवते. कुणी मेसेज केला की उद्या सकाळी ब्लाऊज पाहिजे, की तिला पाठवते. मावसबहिणीने माझी मशीन घरी न्यायला मागितली, तेव्हाही तिलाच पाठवलं. तोंडाने मला त्यातलं काहीच म्हणता आलं नसतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. जबरदस्ती नाही. पण विचारलंही नाही कुणी. तुम्ही गेल्यावर माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ओसरीवर हात धूत म्हणाले, "जमल्यात जमा हाय." आईनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि बश्या गोळा करायला लागली. आबा वाईट नाहीत. पोरीला विचारायचं असतं, हे त्यांना सुचत नाही, एवढंच.

तुम्ही नापसंत नव्हता. दुकानाला आत्ता कुठे वर्ष झालंय. दोन मशिनी आहेत आणि जूनसाठी एका शाळेचे गणवेश मिळायची बोलणी चालू आहे. तुमच्या आई त्या दिवशी माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, की आमच्याकडं आल्यावर पोरीला मशीन चालवायची गरज न्हाई. त्या प्रेमानेच म्हणाल्या, पण मला मशीन चालवायची आहे. मला आत्ता लग्नच नको आहे.

तुम्ही म्हणालात तसं तुमच्याकडून कळवलंत तर मी सुटेन. मोठ्या मनाने म्हणालात, म्हणून मागते आहे.

तुम्ही मला विचारलंत, हे लक्षात राहील.

योगिता


धारूर
१९ डिसेंबर २०२४

योगिता यांना नमस्कार.

काम झालं. घरी सांगितलं की मला जमणार नाही. आई म्हणाली, कावून? कारण तयार ठेवायचं राहूनच गेलं होतं. तोंडाला आलं ते बोललो, की स्वभाव जुळायचा नाही. आई म्हणाली, "तिनं तर तोंडच उघडलं न्हाई. सोभाव कुठनं कळला तुला?" मी जेवणाचं ताट घेऊन बाहेर जाऊन बसलो. चुलत्यांनी सत्यशीला आत्यांना फोन करून कळवलं. आत्या जरा नाराज झाल्या, पण होतील शांत.

नाव हनुमान ठेवल्यावर लग्न कसं जमायचं, असं कामरान म्हणतो. त्याचं मनावर घेत नाही.

गणवेशाचं काम तुम्हाला मिळो. उत्तराची गरज नाही.

हनुमान


चकलांबा
२० जानेवारी २०२५

हनुमान यांना,

उत्तराची गरज नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. गरज पडली.

संक्रांतीला सत्यशीला आत्या आल्या. तुमच्याकडचा निरोप त्यांनी फोनवर आधीच दिला होता, पण समोर बसून सांगायचं त्यांनी राखून ठेवलं होतं. वाण घ्यायला जमलेल्या बायकांत बसून त्या म्हणाल्या, की मुलाला पोरीचा स्वभाव पसंत पडला नाही. तुम्ही वेळ मारून नेण्यासाठी जे बोललात, ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत 'पोरगी तोंडाळ आहे' असं झालं. मी त्या दिवशी तुमच्यासमोर एक शब्द बोलले नव्हते, तरी तोंडाळ.

आता माप द्यायला आलेल्या बायका हात वर करून उभ्या राहतात आणि विचारतात, "धारूरच्या पोरानं कावून नाकारलं गं?" एकीने मला दुकानाबाहेर उन्हात नेलं आणि मानेवर कोड आहे का ते बघितलं. दुसरी म्हणाली, पोरगा नोकरीचा होता, काहीतरी असल्याशिवाय असं स्थळ सोडत नसतात. गणवेशाचं बोलायला गेले तर तिथल्या बाईंनीही आधी तेच विचारलं.

हे सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण आबा घाबरलेत. एरवी बाजारातून आले की ओसरीवरूनच हाका मारत येतात. आता गप्प येऊन बसतात. परवा त्यांनी एक स्थळ आणलं. बिजवर आहे, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, दोन ट्रक आहेत. पहिली बायको सोडून गेली, ती का गेली हे कुणी विचारलेलं नाही. आबा आईला सांगत होते, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "एकदा नकार आलेली पोरगी हाय. आता येईल ते बघावं लागंल." २ फेब्रुवारीला ते लोक यायचे आहेत.

तुमच्यावर रागावून लिहायला बसले होते. कागद निम्मा भरल्यावर लक्षात आलं, की तुमच्यावर रागवायला मला जागाच नाही. तुम्ही मदत देऊ केली, मी घेतली. पण नकार माझा होता. आधी तो मी त्या चित्रातल्या बाईच्या हातात दिला, मग तुमच्या. आता तो माझा राहिलाच नाही. गावाने तो उलटा करून माझ्याच गळ्यात घातला आहे.

काय करावं ते मला कळत नाही. निदान तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

योगिता


धारूर
२४ जानेवारी २०२५

योगिता यांना नमस्कार.

तुमचं पत्र माझ्याच थैलीत आलं. वाटेतच फोडून वाचलं. त्या दिवशी वस्त्यांवरचं टपाल उशिरा पोचलं.

मुलाकडून नकार गेला की कुणी फार चौकशी करत नाही, असं मी लिहिलं होतं. मुलाची कुणी करत नाही, एवढंच त्यातलं खरं होतं. तुमची करतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. चित्र काय होतं, तुम्ही काय लिहिलंत आणि मी काय केलं तेही. आई तूर निवडत होती. वडील शेजारी बसून मोबाइलवर बाजारभाव बघत होते. आईनं तुरीतले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "म्हंजे पदर नव्हता तो?" मी म्हणालो, नाही. परत सुपात हात घालून ती म्हणाली, "माझ्या येळेला मला कुणी इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मी बी न्हाईच म्हणले असते." वडिलांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, "मी बी." दोघं एकमेकांकडे बघायला लागली आणि मग जी हसली, की शेजारची काकू डोकावून गेली. मी घरात असं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

तुमच्या घरी मात्र हसण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. काल मी चकलांब्याला यायला निघणारच होतो. कामरान गाडी काढायला तयार होता, आई पण येते म्हणत होती. तुमच्या वडिलांसमोर, मोहनरावांसमोर बसायचं आणि सांगायचं, की नकार तुमच्या मुलीचा होता, मी नुसता माझ्या नावावर घेतला. त्यांनी दोन शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या. पायात चप्पल घातली आणि थांबलो. मागच्या वेळी मला वाटलं की मी तुमचं ओझं उचलतोय, आणि ते दुसरीकडून तुमच्यावरच पडलं. या वेळी आधी विचारतो.

पत्राने उत्तर द्यायला दिवस कमी आहेत. मेसेज केलात तरी चालेल. प्रश्न एकच आहे. येऊ का?

हनुमान


चकलांबा
८ फेब्रुवारी २०२५

हनुमान यांना नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला ती आडव्या हातांची बाई पाठवली. प्रश्न एकच होता, त्यामुळे या वेळी तुम्हाला कामरानला विचारावं लागलं नसेल. तुम्ही आला असतात तर आबांनी तुमचं ऐकलंही असतं. पण मग तेही तुम्हीच सांगितलेलं राहिलं असतं.

काय झालं ते सांगते.

ते लोक यायच्या आदल्या दिवशी आबा आणि आई ओसरीवर गोणीत कापूस भरत होते. मी दुकान लवकर बंद करून आले. वाटेत वाक्य पाठ केलं होतं, ते दारात विसरले. मग जसं आलं तसं बोलले.

"आबा, धारूरच्या मुलानं मला नाकारलं नाही. मी त्याला नाकारलं."

आबांचा हात गोणीतच राहिला. काय म्हणलीस, म्हणाले. मी सगळं सांगितलं. तुम्ही विचारलं होतंत, मी नाही म्हणाले, आणि घरात मला त्रास होऊ नये म्हणून तुम्ही ते स्वतःवर घेतलंत. आबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग म्हणाले, "मंग मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"बापाला इचारायचं सुचलं न्हाई, तर पोरीनं आपण होऊन सांगू बी नये का?"

त्यांचं बरोबर होतं. मी म्हणाले, आता सांगते. उद्या येणाऱ्या लोकांनाही माझं नाहीच आहे. मला अजून दुकान करायचंय. लग्न करायचं तेव्हा मी तुम्हाला सांगेन, तुम्ही मला सांगा, पण आधी बोलू.

आबा उठले. मला वाटलं आता ओरडतील. त्यांचा आवाज मोठा आहे, मापाला भांडायला लागले की अडत्याच्या शेजारची दुकानंही ऐकतात. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ट्रकवाल्याच्या चुलत्याला लावला. रामराम झाला, तिकडच्या पाण्यापावसाची चौकशी झाली. मग म्हणाले, ते उद्याचं जरा अवघड दिसतंय. घरात जरा अडचण हाय. तिकडून काहीतरी विचारलं असावं. आबा म्हणाले, "पुढल्या रविवारी? बघू की. या की."

मी आईकडे बघितलं. आबांना नाही म्हणता येत नव्हतं. एवढा मोठा माणूस, आणि तो शब्द काही केल्या ओठांवर येईना.

आईनं हाताला चिकटलेला कापूस झटकला, पुढे गेली आणि आबांच्या हातातून फोन घेतला. माझी आई भिवराबाई. तिला कुणाला परतवून लावताना मी आजवर पाहिलेलं नाही. माहेरच्यांनी ऐन सुगीत स्वयंपाकाला बोलावलं तरी पिशवी भरून जाते. ती म्हणाली, "मी योगिताची आई बोलतीय. न्हाई जमत. पोरीला पसंत न्हाई. येऊ नका." आणि फोन कसा बंद करायचा ते माहीत नसल्यामुळे तसाच आबांच्या हातात ठेवला.

आबा गोणीवर बसले. मग आबाच म्हणाले, की सत्यशीलेनं धारूरचं स्थळ आणलं तेव्हा आपल्याला तिलाही नाही म्हणता आलं नव्हतं. माझं लग्न एवढ्यात करायचं त्यांच्याही मनात नव्हतं. म्हणजे घरात आम्ही तिघं, आणि तिघांच्याही पोटात एकच गोष्ट. आईनं आमचं काहीच मनावर घेतलं नाही. ती म्हणाली, गोणी शिवायची राहिलीय, दाभण कुठं हाय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आबांनी हॉटेलात चहा पिताना चार माणसांत सांगितलं, की पोरानं नाकारलं न्हाई, माझ्या पोरीनं नाकारलं. कुणीतरी म्हणालं, पोरीला लई मोकळीक दिली तुमी. आबा म्हणाले, दिली न्हाई, तिनं घेतली. हे मला आमच्या पोस्टमनकाकांनी येऊन सांगितलं. आत्या फोनवर रडल्या, मग आईशी भांडल्या, मग उडदाच्या पापडांचं विचारलं. दुकानात येणाऱ्या काही बायका आता तोंड वाकडं करतात. त्यांचे ब्लाऊज मात्र माझ्याकडेच असतात. काही जणी माप देताना हळूच विचारतात, कसं गं म्हणलीस.

आता शेवटचं. तुमच्या पत्रात सहीच्या वर एक ओळ खोडलेली होती. उजेडासमोर धरली तर वाचता आली. 'वर्षभराने पुन्हा विचारलं तर?' खोडलीत म्हणजे विचारायचं नव्हतं, हे कळतं. तरी उत्तर देते, नाहीतर तो प्रश्न तुमच्याजवळ पडून राहील. नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, या विचाराखाली मला वर्ष काढायचं नाही, आणि तुम्हीही थांबू नये. तुम्ही चांगले आहात. तुम्हाला कुणीतरी मनापासून हो म्हणावं, असं मला वाटतं.

योगिता


धारूर
१० एप्रिल २०२५

योगिता यांना नमस्कार.

तुमच्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं. थोडे दिवस वाईटही वाटलं, ते लपवत नाही. पण ते वाईट वाटणं संपणारं होतं. तुम्ही गोलमाल लिहिलं असतं तर मी अजून त्यातून अर्थ काढत बसलो असतो, हे मला माहीत आहे.

तुमच्या आईंनी फोन घेतला तो भाग मी आईला वाचून दाखवला. तिनं परत वाचायला लावला.

एक बातमी आहे. केजजवळच्या एका गावात स्थळ बघायला गेलो होतो. मुलीचं नाव स्वप्नाली. अंगणवाडीत काम करते. पोहे झाल्यावर चुलते नेहमीप्रमाणे माझ्या नोकरीचं सांगायला लागले, तर आईनं त्यांना मधेच थांबवलं आणि थेट मुलीला म्हणाली, "पोरी, तुला पसंत हाय का ते तू सांग. तुझ्या बापाला इचारून मी काय करू?" मुलीचे वडील छताकडे बघायला लागले. स्वप्नाली म्हणाली, मला आधी यांना एक विचारायचंय. आणि मला म्हणाली, चकलांब्याची मुलगी तुम्ही का नाकारली? सत्यशीला आत्यांनी सांगितलेली गोष्ट तिच्या गावापर्यंत गेली होती, आबांनी सांगितलेली अजून पोचायची होती.

मी म्हणालो, मी नाकारली नाही, तिने मला नाकारलं. चुलत्यांनी माझ्या पायावर पाय दिला. स्वप्नालीने विचारलं, मग तुम्ही काय केलं? म्हणालो, एकदा नीट विचारून घेतलं, आणि मग ऐकलं. मध्ये एक घोळ घातला, तोही सांगितला. ती म्हणाली, मला विचार करायला वेळ पाहिजे, आणि उत्तर मी स्वतः देईन, कुणी मधे फोन करायचा नाही.

त्या दिवसांत टपाल वाटताना मी किती दारं चुकलो ते विचारू नका. मग तिचा फोन आला. ती म्हणाली, हो. आणि पुढे म्हणाली, माझी अंगणवाडी सुटणार नाही. मी म्हणालो, आमच्या आईला आता कुणाचं काही सोडवायचं राहिलेलं नाही.

लग्न ११ मे ला धारूरला आहे. पत्रिका सोबत आहे. तुम्हाला बोलवावं की नाही, यावर घरात दोन मतं होती. स्वप्नालीने तिसरं दिलं. ती म्हणाली, बोलवा, यायचं की नाही ते त्यांचं त्या ठरवतील. आलात तर आम्हाला सगळ्यांना आनंद होईल. नाही आलात तर वाईट मानणार नाही.

हनुमान


चकलांबा
१५ मे २०२५

हनुमान आणि स्वप्नाली, दोघांना नमस्कार.

लग्न छान झालं. गर्दीत तुमच्याशी बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

यायचं मी लगेच ठरवलं होतं. आबांना संकोच वाटत होता, आई म्हणाली आपण जाऊ. मांडवात शिरल्याबरोबर केसरबाईंनी मला ओळखलं. हाताला धरून पंख्यासमोर नेऊन बसवलं आणि येईल त्या पाहुणीला सांगत होत्या, की ही योगिता, चकलांब्याला हिचं शिवणाचं दुकान हाय. एवढीच ओळख. मला ती पुरली. सत्यशीला आत्या तर असं मिरवत होत्या, जणू हे लग्न त्यांनीच जमवलं होतं. आबा आणि तुमचे वडील पंगतीत शेजारी बसले आणि शेवटपर्यंत कापसाच्या भावावर बोलले. स्वप्नाली, तुमच्या शालूचा काठ डाव्या खांद्याशी थोडा उसवला होता. मी पिन लावली ती तुमच्या मावशींना वाटलं फोटोसाठी. पुढच्या वेळी इकडे आलात की नीट करून देते.

गणवेशाचं काम मिळालं. कापड आलंय, तिसरी मशीन भाड्याने घेतलीय.

येतानाचं एक सांगते आणि थांबते. आम्ही एस.टी.ने परत निघालो. मांजरसुंब्याच्या अलीकडे आबा मागे वळून म्हणाले, कपिलधारला उतरायचं का? एवढ्या जवळून चाललोय, मन्मथस्वामींचं दर्शन घेऊन जाऊ. आबांनी आजवर कुठे उतरायचं ते ठरवलं आहे आणि आम्ही उतरलो आहोत. या वेळी त्यांनी 'का' म्हणून शेवटी आवाज वर नेला आणि वाट बघत राहिले. मी म्हणाले, नाही आबा, मी थेट घरी जाते, उद्या सकाळी कापड घेऊन माणूस येणार आहे. आबा म्हणाले, बरं. मग आईला विचारलं. आई म्हणाली, "मला जायचंय. लई वर्षं झाली."

आबा जरा गोंधळले. मी जाणार नाही आणि आई जाणार, असं कधी झालं नव्हतं. आईनं पिशवीतला लाडूंचा पुडा माझ्याकडे दिला, आपली चप्पल सीटखालून ओढून काढली आणि उठलीसुद्धा. कंडक्टरने घंटी मारली. दोघं फाट्यावर उतरली. ती दोघं तिसऱ्या कुणाशिवाय कुठे गेलेली मला आठवत नाही.

गाडी सुटली तेव्हा मी मागे वळून बघितलं. रस्त्याच्या कडेला आई पदर डोक्यावर घेऊन उभी होती, आणि आबा तिच्याकडे वाकून काहीतरी विचारत होते. काय ते काचेतून ऐकू आलं नाही. आईनं मान हलवली, आबांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं, आणि दोघं आधी रसाच्या गाड्याकडे गेली.

दोघं सुखी राहा.

योगिता